रोज डांबरावर, महिन्यातून दोनदा चिखलात: जिम्नीला टायर केवढा आणि लिफ्ट किती?

बेळगाव जिल्ह्यात, जांबोटीच्या पुढे आमचं थोडं शेत आहे. डांबरी सोडल्यावर तिथवर साडेपाच किलोमीटर कच्ची वाट. ऊस आणि लाकडं ओढणाऱ्या ट्रॅक्टरांनी तिच्यावर दोन खोल चाकोऱ्या पाडल्यात आणि त्यांच्यामध्ये मातीचा वरंबा उभा राहिलाय. ट्रॅक्टरचं मागचं चाक माणसाच्या छातीपर्यंत येतं, त्याला त्या वरंब्याचं काही नाही. आपल्या गाडीचा डिफरेन्शियलचा गोळा (दोन चाकं जोडणाऱ्या अॅक्सलवरचा गिअरचा फुगीर डबा) मात्र नेमका त्याच्यावरच घासतो. ओढ्याच्या अलीकडच्या सर्वांत वाईट जागी मी टेप लावून मोजलं. मे महिन्यात वरंबा चाकोरीच्या तळापासून १८५ मिलिमीटर भरला. जुलैत चाकोऱ्या आणखी खचल्या, तेव्हा २२०. माझ्या पाच दारी मारुती जिम्नीचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे सर्वांत खालच्या भागाची जमिनीपासूनची उंची, कंपनी २१० सांगते.

टायर आणि लिफ्टचा (म्हणजे स्प्रिंगवर गाडी आणखी उंच करण्याचा) सगळा विचार मी या तीन आकड्यांपासून सुरू केला. तुम्हीही तुमच्या वाटेच्या आकड्यांपासूनच सुरू करा. गाडी घेतल्या घेतल्या प्रत्येकाला ती उंच झालेली बघायची असते. मलाही होती, त्यात वाईट काही नाही. पण कुठल्या जागी किती कमी पडतंय हे मोजल्याशिवाय पैसे घालू नका.

दुसरं मोजमाप वहीत करायचं. माझा उद्यमबागला छोटा मशीन शॉप आहे आणि घर टिळकवाडीत. रोजची ये-जा, तिसऱ्या रेल्वे गेटची गर्दी, शहापूरच्या गल्ल्या, मधूनच संकेश्वर किंवा निपाणीला गिऱ्हाइकाकडे हायवेने फेरी. वर्षाला ११,००० किलोमीटरच्या आसपास होतात. शेताच्या फेऱ्या महिन्याला दोन, म्हणजे कच्ची वाट वर्षाला २६४ किलोमीटर. शंभर किलोमीटरमागे अडीचसुद्धा नाहीत. बाकीच्या साडेसत्त्याण्णव किलोमीटरमध्ये गाडीत आई, बायको, मुलगी असतात. रस्ता ओला असतो, पुढचा रिक्षावाला अचानक थांबतो. त्या वेळी गाडी कशी थांबते आणि सरळ चालते का, हे आधी बघायचं. मग ओढ्याकडचा वरंबा.

लिफ्ट नेमकं काय उचलते

ही गोष्ट मला फार उशिरा कळली, म्हणून सविस्तर सांगतो. जिम्नीला पुढे आणि मागे दोन्हीकडे अखंड अॅक्सल आहे. लांब स्प्रिंग किंवा स्पेसर (स्प्रिंगला जोडायचा ठोकळा) घातला की चासी आणि बॉडी वर जाते. अॅक्सल आहे तिथेच राहतो, कारण तो चाकाच्या मध्यावर बसलेला असतो आणि चाक जमिनीवर टेकलेलं असतं. तुम्ही ५० मिलिमीटरची लिफ्ट केलीत तरी डिफरेन्शियलचा गोळा जमिनीपासून होता तितकाच राहणार. एक मिलिमीटरही वर येणार नाही. गोळा वर उचलणारी एकच गोष्ट म्हणजे मोठा टायर, आणि तोही वाढलेल्या व्यासाच्या निम्माच उचलतो.

मग लिफ्टचा उपयोग काय? बंपर, पायऱ्या, गाडीचं मधलं पोट वर जातं. बांध ओलांडताना पोट अडकत असेल, खडकाच्या पायरीला नाक लागत असेल, तर लिफ्ट कामाची. मोठ्या टायरला चाकाच्या कमानीत जागा हवी असेल तरी कामाची. पण चाकोरीतल्या वरंब्यावर गोळा घासतोय म्हणून लिफ्ट केली, तर औषध चुकीच्या दुखण्याला दिल्यासारखं होईल. आमच्या बेळगाव-खानापूर भागात तर नव्वद टक्के तक्रार वरंब्याचीच असते.

थारचं गणित थोडं वेगळं. पुढची चाकं स्वतंत्र सस्पेन्शनवर आहेत, मागे अखंड अॅक्सल. पुढे लिफ्ट केली तर चासीला लटकलेला डिफरेन्शियल खरंच वर येतो, पण चाकांकडे जाणारे दोन्ही ड्राइव्ह शाफ्ट खाली तिरके होतात. त्यांच्या सांध्यांवरचे रबरी बूट ताणतात, फाटतात, आत चिखल शिरतो. मागचा गोळा मात्र तिथेही टायरच्याच भरवशावर.

टायरचा हिशोब

टायरच्या अंगावर लिहिलेला आकडा वाचायला शिका. जिम्नीचा कंपनीचा टायर १९५/८० आर १५. म्हणजे रुंदी १९५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ८० टक्के, रिम १५ इंची. १९५ चे ८० टक्के १५६. वर आणि खाली मिळून ३१२. त्यात १५ इंचाचे ३८१ मिळवा. व्यास ६९३ मिलिमीटर.

माझ्यापुढे दोन पर्याय होते. २१५/७५ आर १५ चा व्यास ७०३.५ येतो. २३५/७५ आर १५ चा ७३३.५. पहिल्याने गोळा वर येतो जेमतेम पाच मिलिमीटर, दुसऱ्याने वीस. जुलैतल्या २२० च्या वरंब्याला २३५ वाला टायर २३० वर नेतो आणि पार होतो. २१५ वाला २१५ वरच अडकतो. इथपर्यंत बघितलं तर २३५ जिंकला असं वाटतं. मीही तोच ठरवून टायरच्या दुकानात गेलो होतो.

तिथे पहिली अडचण रिमची निघाली. जिम्नीचा रिम साडेपाच इंच रुंद. २३५/७५ ला किमान सहा इंची रिम लागतो. साडेपाचवर तो बसवून देणारे भेटतात, पण टायरचं पोट फुगून वर येतं, कडा नीट टेकत नाहीत, घाटातल्या वळणावर गाडी डोलते. म्हणजे टायरबरोबर पाच रिमही नवीन. रुंद रिम बाहेर आला की स्टिअरिंगवर आणि बेअरिंगवर जोर वाढतो, चिखल दारावर उडतो, पुढचा टायर पूर्ण वळणात बंपरच्या कडेला लागतो. मग त्या टायरला जागा करायला लिफ्ट. एका खरेदीच्या मागे चार खरेद्या लागतात त्या अशा.

दुसरी अडचण वजनाची. शॉपमधल्या काट्यावर मी दोन्ही टायर ठेवले. कंपनीच्या टायरपेक्षा २३५ चा ऑल-टेरेन (डांबर आणि कच्ची वाट दोन्हींसाठीचा टायर) साडेचार किलोने जड भरला. हे वजन स्प्रिंगच्या खालचं. टपावर साडेचार किलो ठेवले तर कळणारही नाही, पण फिरणाऱ्या प्रत्येक चाकावर तेवढं वाढलं की ब्रेकला, इंजिनला आणि शॉकअप्सॉर्बरला ते रोज ओढावं लागतं. आणि पाचवं चाक मागच्या दारावर लटकतं, बिजागऱ्या त्याचा भार सोसतात.

तिसरी अडचण गिअरची. व्यास ५.८ टक्क्यांनी वाढला म्हणजे प्रत्येक गिअर तेवढा उंच झाला. जिम्नीचं दीड लिटरचं पेट्रोल इंजिन, टॉर्क १३४ न्यूटन मीटर. सपाटीला काही वाटत नाही. पण गोव्याहून येताना साखळीकडून चोर्ला चढताना, चार माणसं आणि सामान असताना, जिथे तिसरा गिअर पुरायचा तिथे दुसरा घ्यावा लागतो. टायर बदलताना मूळ व्यासाच्या तीन टक्क्यांच्या आत राहावं असा जो नियम टायरवाले सांगतात, तो असल्याच अनुभवातून आलाय. २१५ चा फरक दीड टक्का.

स्पीडोमीटरचंही तेच. मूळ टायरवर काटा ८० दाखवायचा तेव्हा जीपीएस ७६ सांगायचं, कारण कंपन्या काटा मुद्दाम थोडा पुढे ठेवतात. २१५ वर तेच ७७ झालं. २३५ घातला असता तर ८० ला खरेच ८० भरले असते, म्हणजे कंपनीने ठेवलेली सगळी सूट संपली. किलोमीटरची नोंदही मागे पडते. शंभर किलोमीटर चाललात तर मीटरवर साडेचौऱ्याण्णव. सर्व्हिसिंगचा आणि अॅव्हरेजचा हिशोब करताना हे लक्षात ठेवा, नाहीतर गाडी जास्त पेट्रोल पितेय म्हणून उगाच मेस्त्रीकडे जाल.

शेवटी टायरच्या दुकानदाराने जे सांगितलं ते मला पटलं. "काका, २१५/७५ आर १५ म्हणजे बोलेरोचा साइज. खानापुरात रात्री टायर फाटला तरी मिळेल. तो दुसरा साइज मागवून दोन दिवस थांबाल." आमच्या भागात दर दहा गाड्यांमागे बोलेरो दिसते. टायर निवडताना तो आपल्या तालुक्याच्या गावी मिळतो का, हा प्रश्न मी तेव्हापासून सर्वांत वर ठेवलाय.

माझ्या गाडीला आता २१५/७५ आर १५ चे पाच ऑल-टेरेन आहेत, मूळ रिमवर. पाचही सारखे. फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीला पुढे-मागे वेगळ्या व्यासाचे टायर कधीही घालू नका. फोर-एच (नेहमीच्या वेगाला चारही चाकांना जोर) टाकल्यावर पुढचा आणि मागचा अॅक्सल बांधलेल्या बैलजोडीसारखे एका वेगाने चालले पाहिजेत. व्यास वेगळे असले की ट्रान्स्फर केसमध्ये, म्हणजे दोन्ही अॅक्सलांना जोर वाटणाऱ्या गिअरपेटीत, ताण साचत जातो.

माती बघून नक्षी निवडा

इथली माती एक नाही. येळ्ळूर, वडगाव, शहापूरच्या शिवारात भाताची काळी जमीन आहे. पावसाळ्यात ती टायरला अशी लगडते की दोन वळणांत नक्षी भरून टायर गुळगुळीत होतो. तिथे मड-टेरेनच्या (खास चिखलासाठीच्या टायरच्या) रुंद खाचाच माती फेकू शकतात, त्याही चाक वेगाने फिरलं तर. खानापूर, जांबोटी, कणकुंबीच्या बाजूला लाल माती आणि जांभा दगड. तिथे चिकटण्याचा त्रास कमी, पण जांभ्याची धार टायरची कड कापते आणि जंगलातल्या वाटेवर पालापाचोळा साबणासारखा घसरतो. मला लाल मातीत जायचं असतं म्हणून ऑल-टेरेन पुरला. त्याची कड कंपनीच्या टायरपेक्षा जाड आहे, माझ्यासाठी खरा फायदा तो. पाच मिलिमीटर उंची मी हिशोबात धरतच नाही.

काळ्या रानात रोज जायचं असेल तर मड-टेरेनचा विचार करा, पण ओल्या डांबरावर ब्रेक मारून बघितल्याशिवाय नाही. मोठ्या ठोकळ्यांचा टायर रस्त्याला कमी टेकतो. पावसाळ्यात थांबायला जास्त अंतर घेतो. आमच्याकडे चार महिने पाऊस असतो, कणकुंबी-आंबोलीकडे तर बोलायलाच नको, त्यामुळे शहरात फिरणाऱ्या गाडीला मी मड-टेरेन सुचवत नाही. आवाजाचा त्रास त्याहून पुढचा. हायवेला निपाणीपर्यंत मागे बसलेल्या माणसाशी बोलता येत नाही.

घेताना तीन गोष्टी तिथल्या तिथे बघा. टायरवरचा भाराचा आकडा मूळपेक्षा कमी नको. जिम्नीला ९६ आहे, म्हणजे एका टायरला ७१० किलो. माझ्या नव्या टायरवर १०० आहे, ८०० किलो. दुसरं, चार आकडी तारीख. २३२४ असेल तर २०२४ सालातला तेविसावा आठवडा. कमी खपाचे साइज दुकानात वर्षानुवर्षं पडून असतात, जुना माल घेऊ नका. तिसरं, पाचही टायरच्या तारखा जवळपासच्या असाव्यात.

जिप्सीचा धडा

लिफ्टबद्दल मी इतका जपून का बोलतो ते सांगतो. या आधी माझ्याकडे जुनी जिप्सी होती. पुढे-मागे पाट्यांच्या स्प्रिंगा. मी स्वतःच्या शॉपमध्ये लांब शॅकल (पाट्याचं टोक चासीला जोडणाऱ्या पट्ट्या) करून घातले, मोठे मड-टेरेन चढवले. गाडी रुबाबदार दिसत होती. एका रविवारी बायको आणि मुलीला घेऊन संकेश्वरकडे निघालो. हत्तरगीच्या अलीकडे, ताशी सत्तरच्या आसपास, पुलाच्या सांध्यावरून गाडी गेली आणि स्टिअरिंग हातात धडाधडा हादरायला लागलं. दोन्ही हातांनी धरूनही थांबेना. पुढची चाकं डावी-उजवी नाचत होती. ब्रेक दाबला नाही, पाय काढून घेतला, वेग तिसाच्या खाली आल्यावर ते थांबलं. गाडी कडेला घेतली. मुलगी मागच्या सीटवर गप्प बसली होती. तिचा चेहरा मी विसरलेलो नाही.

कारण असं होतं. पुढचा अॅक्सल किंचित मागे कललेला ठेवतात, त्याला कॅस्टर म्हणतात. सायकलचा फोर्क तिरका असतो तसा. त्या तिरकेपणामुळे चाक आपोआप सरळ राहू बघतं. मी लांब शॅकल घातले तेव्हा अॅक्सल फिरला आणि तो कोन कमी झाला. वर जड टायर, जुने झालेले किंगपिन बेअरिंग (ज्यावर पुढचं चाक डावी-उजवीकडे वळतं ते). एक धक्का पुरला.

जिम्नीलाही लिफ्टने कॅस्टर कमी होतो, कारण पुढचा अॅक्सल धरणारे दांडे चासीपासून जास्त खाली झुकतात. म्हणून लिफ्ट करणार असाल तर नुसत्या स्प्रिंग विकणाऱ्याकडे जाऊ नका. कॅस्टर परत आणणारे बुश किंवा ब्रॅकेट किटमध्ये आहेत का विचारा. अॅक्सलला डावी-उजवीकडे सरकू न देणारा आडवा दांडा असतो, लिफ्ट केल्यावर तो अॅक्सलला एका बाजूला ओढतो, तेव्हा लांबी बदलता येणारा दांडा हवा. ब्रेकचे रबरी पाइप आणि एबीएसच्या वायरी चाक पूर्ण खाली लोंबकळताना ताणत नाहीत ना, हे जॅकवर उचलून डोळ्यांनी बघा. शॉकअप्सॉर्बर नव्या लांबीचे पाहिजेत. हेडलाइटचा झोत खाली आणून घ्या, समोरच्याला आंधळं करू नका. "एवढं काही लागत नाही साहेब, नुसते स्पेसर घालू" असं जो म्हणेल त्याच्याकडून घालून घेऊ नका.

रस्त्यावर जास्त चालणाऱ्या गाडीला कमाल किती? मी जिम्नीला ३० ते ४० मिलिमीटरच्या वर जाऊ देणार नाही, तेही मागे कायम वजन असेल किंवा पोट खरंच अडकत असेल तर. उंची वाढली की वळणावर गाडी जास्त कलते. शिवाय घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा विचार करा. माझी आई ७४ वर्षांची आहे. ५० ची लिफ्ट आणि वीसचा टायर म्हणजे तिला पाय आणखी ७० मिलिमीटर वर टाकावा लागला असता. तिच्याशी मी हे बोललो तेव्हा ती म्हणाली, "मग मी बसनं जाते रे." मला तिला शेतावर न्यायचं असतं. लिफ्टचा विषय आमच्या घरात तिथेच मिटला.

कायदा आणि विमा

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतले कंपनीने दिलेले तपशील बदलतील असे फेरफार गाडीत करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा स्पष्ट केलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा फेरफाराला प्रत्येकी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली. आपण तर एका दिवसात कर्नाटक, महाराष्ट्र आणि गोवा अशा तिन्ही हद्दी ओलांडतो. बेळगावहून निघून चंदगड, आंबोली, सावंतवाडी, मग गोवा आणि चोर्ल्याने परत. तीन ठिकाणी तीन वेगळे अधिकारी गाडी बघणार. कंपनीने त्याच मॉडेलच्या दुसऱ्या व्हेरिएंटला जो साइज दिलाय तो घेणं सर्वांत निर्धास्त. त्याबाहेर काहीही करणार असाल, माझ्यासारखा जवळचा साइज असला तरी, आधी आरटीओत आणि विमा कंपनीला विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

माझ्या भाच्याच्या थारचं आम्ही तसंच केलं. त्याच्याकडे २४५/७५ आर १६ होते, व्यास ७७४. त्याला २८५/७० आर १७ आणि चार इंची लिफ्ट हवी होती. "मामा, सगळे तेच घालतात." मी त्याला कागदावर मांडून दाखवलं. व्यास ८३१, फरक सात टक्क्यांच्या वर, गोळ्याखाली मिळणार २८ मिलिमीटर, आणि तो चालवतो खानापूर ते बेळगाव नोकरीला. दोन दिवस विचार करून त्यानेच थारच्या वरच्या व्हेरिएंटला कंपनी देते तो २५५/६५ आर १८ घेतला, व्यास ७८९, लिफ्टशिवाय.

बसवल्यावर

नवे टायर बसले की गाडी एका बाजूने उंचवट्यावर चढवा, स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे फिरवा आणि कुणाला तरी कमानीत बॅटरी मारून बघायला सांगा. सपाटीवर न घासणारा टायर चाक दबल्यावर घासतो. शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा पान्याने आवळा.

हवा किती, हे खडूने ठरवा. टायरच्या नक्षीवर आडवी जाड रेघ मारा, सपाट डांबरावर शंभर मीटर सरळ चालवा. मधलीच रेघ पुसली तर हवा जास्त, कडांचीच पुसली तर कमी. सुरुवात दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरच्या आकड्यापासून करा. कच्च्या वाटेला लागताना मी २० पीएसआयपर्यंत उतरवतो आणि तिथे ताशी वीस-पंचविसाच्या वर जात नाही. टायर पसरतो, दगडावर बसतो, पकड लगेच जाणवते. डांबरी लागली की छोट्या पंपाने पुन्हा भरायची, कितीही उशीर झालेला असो. मऊ टायरवर हायवे चालवणं म्हणजे टायर आतून भाजणं.

आणि तो २२० चा वरंबा? दोन्ही चाकं चाकोरीत घालायचीच नाहीत. एक चाक वरंब्यावर, दुसरं चाकोरीच्या बाहेरच्या काठावर, हळू, फोर-एलमध्ये (चारही चाकांना जोर, पण कमी वेगाचा गिअर). ओढ्याच्या अलीकडचा तीस फुटांचा तुकडा मात्र तसाही जमत नव्हता, कारण तिथे वाट दोन्हीकडून बांधाने आवळलेली आहे. लिफ्ट किटसाठी बाजूला ठेवलेल्या पैशातून गेल्या मार्चमध्ये शेजाऱ्यांना विचारून मी तिथे मुरमाच्या चार ट्रॉल्या टाकल्या, वर जांभ्याचे तुकडे, आणि शेजारच्या ट्रॅक्टरनेच ते दाबून घेतलं. जुलैत पुन्हा टेप लावला. १६० भरला.